सीडीके विकर पेशीविभाजनाची वेळ कशी ठरवते आणि कर्करोगात नेमके काय बिघडते?

प्रश्न : जीवरसायन_विद्यार्थिनी

नमस्कार. मी जीवरसायनशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून सध्या पेशीचक्राचा अभ्यास करते आहे. सायक्लिन या प्रथिनाच्या जोडीने काम करणारी कायनेज विकरे (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारी विकरे), म्हणजेच सीडीके, पेशीविभाजनाची सूत्रे हलवतात, हे विधान सर्वच पाठ्यपुस्तकांत आढळते. परंतु त्यापुढचे विवेचन वाचताना काही गोष्टींचा मेळ बसत नाही, म्हणून येथे विचारते आहे.

सीडीके-१ या विकराचे पेशीतील प्रमाण संपूर्ण चक्रात जवळजवळ स्थिर असते, असे वाचले. जे विकर सदैव हजर आहे, ते विभाजनाची वेळ कशी ठरवू शकते? शिवाय ते इतके मध्यवर्ती असेल, तर कर्करोगाशी निगडित जनुकांच्या याद्यांमध्ये त्याचे नाव सहसा का दिसत नाही, आणि पी५३, पी१६, आरबी या विभाजनाला आवर घालणाऱ्या प्रथिनांची नावे मात्र पानोपानी का भेटतात? शेवटची शंका उपचारांबद्दल आहे. प्रत्येक कर्कपेशीला विभाजित व्हावेच लागते. मग सीडीके रोखणारी औषधे सर्व कर्करोगांवर सारखीच प्रभावी ठरायला हवीत. प्रत्यक्षात पाल्बोसिक्लिबसारखी औषधे प्रामुख्याने एका विशिष्ट प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगात वापरली जातात. असे का?

उत्तर : पेशीशास्त्र_अध्यापक

तुमची पहिली शंका या विषयाच्या गाभ्याशी जाते, म्हणून तिचे उत्तर विस्ताराने देतो. बाकीच्या दोन प्रश्नांवर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे सदस्य येथे आहेत.

विकर हजर असणे आणि ते कार्यरत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एकटे सीडीके जवळजवळ निष्क्रिय असते, कारण त्याच्याच साखळीचा टी-लूप नावाचा एक वळसा क्रियास्थळाच्या तोंडाशी आडवा आलेला असतो आणि एटीपीला (ज्याच्यापासून फॉस्फेट घेतला जातो त्या रेणूला) योग्य दिशेने धरणारी अमिनो आम्लेही आपल्या जागी नसतात. सायक्लिन येऊन चिकटले की विकराची घडण बदलते, वळसा सरकतो आणि क्रियास्थळ मोकळे होते. त्यानंतर दुसरे एक कायनेज सीडीके-१ च्या १६१ व्या स्थानावरील थ्रिओनिनला फॉस्फेट जोडते आणि ही नवी घडण पक्की होते. एवढे होऊनही विकर कामाला लागत नाही, कारण त्याच वेळी वी-१ नावाचे कायनेज १५ व्या स्थानावरील टायरोसिनला फॉस्फेट जोडून त्याला दाबून ठेवते. याचा परिणाम असा होतो, की विभाजनापूर्वीच्या काळात पेशीत सायक्लिन-बी आणि सीडीके-१ यांच्या जोड्या साठत जातात, पण त्या सर्व थोपवलेल्या अवस्थेत असतात. १५ व्या स्थानावरचा तो फॉस्फेट काढून टाकण्याचे काम सीडीसी२५ हे विकर करते.

यापुढचा भाग मला या यंत्रणेतील सर्वांत देखणा वाटतो. थोडेसे सीडीके-१ सक्रिय झाले, की तेच सीडीसी२५ ला अधिक सक्रिय करते आणि वी-१ ला निष्प्रभ करते. म्हणजे स्वतःची सुटका करणाऱ्याला बळ देते आणि स्वतःला अडवणाऱ्याला नामोहरम करते. त्यामुळे इतका वेळ साठलेला सगळा साठा अल्पावधीत एकदम कार्यरत होतो आणि पेशी निम्मीअर्धी विभाजनात शिरून मध्येच रेंगाळली, असे सहसा घडत नाही. सक्रिय सीडीके-१ केंद्रकपटलाखालच्या लॅमिन प्रथिनांना फॉस्फेट जोडते आणि त्यांचे जाळे सुटते. कंडेन्सिन या प्रथिनसंकुलाच्या साहाय्याने गुणसूत्रे आखूड व घट्ट होतात. गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणाऱ्या तर्कुतंतूंची उभारणी सुरू होते. सर्व गुणसूत्रे तर्कुतंतूंना दोन्ही बाजूंनी नीट जोडली गेल्यावर एपीसी नावाचे प्रथिनसंकुल सायक्लिन-बी ला युबिक्विटिन या खूणप्रथिनाच्या साखळ्या जोडते, प्रोटिअसोम हे प्रथिने तोडणारे संकुल त्या सायक्लिनचे तुकडे करते आणि सीडीके-१ पुन्हा एकटे पडते. विभाजनाची वेळ सायक्लिनच्या चढउतारातून आणि फॉस्फेटच्या जोडण्या-काढण्यातून ठरते. विकराच्या एकूण साठ्याशी तिचा फारसा संबंध नाही.

हे ज्ञान ज्या प्रयोगांतून आले, त्यांपैकी दोन प्रयोग आवर्जून सांगावेसे वाटतात. १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट यांनी वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत सी-अर्चिनच्या फलित अंड्यांना किरणोत्सारी मेथिओनिन दिले आणि ठरावीक अंतराने नमुने घेऊन त्यांतील प्रथिने जेलवर वेगळी केली. नव्याने तयार होणाऱ्या प्रथिनांचे पट्टे काळानुसार गडद होत जाणे अपेक्षित होते आणि बहुतेक पट्टे तसे झालेही. पण एक पट्टा गडद होत होत अंडे विभाजित होण्याच्या सुमारास फिका पडला आणि पुढच्या फेरीत पुन्हा दिसू लागला. ते प्रथिन म्हणजे सायक्लिन. पेशी स्वतःचे प्रथिन नेमक्या वेळी नष्ट करून काही साधत असेल, ही कल्पना त्या काळी नवी होती.

दुसरे काम पॉल नर्स यांचे. विभाजनाने वाढणाऱ्या यीस्टमध्ये त्यांना असे उत्परिवर्ती आढळले, जे नेहमीच्या जवळजवळ निम्म्या आकारातच विभाजित होत. पेशी लवकर विभाजित होते याचा अर्थ विभाजन लांबवणारे काहीतरी नाहीसे झाले आहे, असा तर्क त्यांनी केला आणि त्यातून वी-१ जनुक समोर आले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की सीडीसी२ या एकाच जनुकातील काही उत्परिवर्तनांमुळे विभाजन थांबत असे, तर काहींमुळे ते लवकर होत असे. एखाद्या आवश्यक जनुकाचा केवळ नाश झाल्यास प्रक्रिया थांबते. पण त्याच जनुकातील बदलामुळे प्रक्रिया वेगवानही होऊ शकत असेल, तर ते जनुक त्या प्रक्रियेचा वेग ठरवते असे मानावे लागते. १९८७ मध्ये मेलानी ली आणि नर्स यांनी सदोष सीडीसी२ असलेल्या यीस्टमध्ये मानवी डीएनए घातला, तेव्हा एका मानवी जनुकाच्या आधारावर ते यीस्ट पुन्हा विभाजित होऊ लागले. तेच आपले सीडीके-१. यीस्ट आणि माणूस यांचे पूर्वज वेगळे होऊन शंभर कोटींच्या आसपास वर्षे लोटली असावीत, आणि तरीही एकाचे विकर दुसऱ्याच्या पेशीत काम करते. हंट, नर्स आणि यीस्टमधील पेशीचक्राच्या जनुकांचा शोध घेणारे लेलँड हार्टवेल यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उत्तर : विकृतिशास्त्र_विभाग

वरील विवेचनाला जोडून दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

सीडीके-१ निकामी झाले तर पेशी विभाजित होऊ शकत नाही, आणि ते अवेळी सक्रिय झाले तर डीएनएची नक्कल पूर्ण होण्यापूर्वीच पेशी विभाजनात ढकलली जाऊन बहुधा मरते. या दोन्हींपैकी कोणत्याही बदलाने वंश वाढवणारी पेशी तयार होत नाही, म्हणून गाठींमध्ये असे बदल टिकून राहिलेले सापडत नाहीत. उंदरांवरील प्रयोगांनीही याला दुजोरा दिला आहे. सीडीके-२ नसलेले उंदीर जन्मतात आणि जगतात, फक्त ते वंध्य असतात, हे २००३ मध्ये दाखवले गेले. सीडीके-४ किंवा सीडीके-६ यांपैकी एक नसेल तरीही उंदीर जगतात. सीडीके-१ नसेल तर मात्र भ्रूणाची वाढ अगदी सुरुवातीलाच थांबते.

कर्करोगाचा संबंध विभाजनाच्या कृतीपेक्षा विभाजनाच्या निर्णयाशी अधिक आहे. आपल्या शरीरातील बहुसंख्य पेशी विश्रांत अवस्थेत असतात आणि बाहेरून वाढीचा संकेत मिळाल्याशिवाय डीएनएची नक्कल सुरू करत नाहीत. आर्थर पार्डी यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की डीएनएची नक्कल सुरू होण्यापूर्वीच्या जी-१ टप्प्यात एक असा बिंदू असतो, जो ओलांडल्यावर बाहेरचा संकेत काढून घेतला तरी पेशी मागे फिरत नाही. त्या बिंदूवर सीडीके-४ आणि सीडीके-६ काम करतात. संकेत मिळाला की सायक्लिन-डी तयार होते, ते या दोन विकरांना सक्रिय करते आणि ती विकरे आरबी प्रथिनाला फॉस्फेट जोडू लागतात. आरबीने तोवर ई-२-एफ या जनुकनियंत्रक प्रथिनांना धरून ठेवलेले असते. आरबीवर फॉस्फेट चढत गेले की ही पकड सुटते, ई-२-एफ मुळे सायक्लिन-ई तयार होते, सायक्लिन-ई च्या जोडीने सीडीके-२ उरलेल्या आरबीलाही फॉस्फेट जोडते, आणि मग बाहेरच्या संकेताची गरज उरत नाही.

आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या गाठींमध्ये बिघाड सापडतो तो बहुतेक वेळा या साखळीत. मँटल सेल लिम्फोमा या लसीकापेशींच्या कर्करोगामध्ये ११ व्या आणि १४ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन सायक्लिन-डी१ चे जनुक प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी येऊन बसते आणि अखंड चालू राहते. स्तनाच्या अनेक कर्करोगांत त्याच जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. मेदपेशींसारख्या पेशींपासून होणाऱ्या लायपोसार्कोमाच्या काही प्रकारांत सीडीके-४ च्या प्रती वाढतात; म्हणजे सीडीके-१ चे नाव याद्यांत दिसत नसले, तरी सर्वच सीडीकेंबाबत तसे म्हणता येत नाही. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या थोड्या कुटुंबांत सीडीके-४ च्या २४ व्या स्थानावरील आर्जिनिन बदललेले असते. हे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्या बदलामुळे विकराचा स्वतःचा वेग वाढत नाही. फक्त त्याला रोखणारे पी१६ हे प्रथिन त्याला चिकटू शकत नाही. विकर तेवढेच, लगाम गळून पडलेला. पी१६ चे जनुकच नाहीसे होणे तर मेलानोमा, स्वादुपिंडाचा कर्करोग आणि ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा कर्करोग) यांत वारंवार आढळते. रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या दृष्टिपटलाचा कर्करोग) आणि फुफ्फुसाचा लघुपेशी कर्करोग यांत आरबी गमावलेले असते. साधारणपणे एका गाठीत या साखळीतील एकच दुवा तुटलेला दिसतो, कारण एक तुटल्यावर त्याच साखळीतील दुसरा तुटण्याने पेशीला विशेष लाभ होत नाही.

पी१६ बद्दल एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी गोंधळात टाकते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पी१६ कमी नसते, उलट ते इतके वाढलेले असते की त्याचे रंजन आम्ही निदानासाठी वापरतो. या कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या पॅपिलोमा विषाणूचे ई-७ प्रथिन आरबीला निकामी करते. आरबी गेल्यावर पी१६ च्या निर्मितीवरचा दाब उठतो आणि पेशी ते भरपूर बनवते. परंतु सीडीके-४ ला रोखून ज्या आरबीला वाचवायचे, तेच शिल्लक नसल्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. याच विषाणूचे ई-६ प्रथिन पी५३ ची विल्हेवाट लावते.

पी५३ चा सीडीकेशी संबंधही येथे सांगून टाकते. डीएनएला इजा झाली की पी५३ च्या आदेशावरून पी२१ नावाचे प्रथिन तयार होते आणि ते सायक्लिन-सीडीके जोड्यांना चिकटून त्यांचे काम थांबवते. दुसऱ्या वाटेने सीएचके-१ हे कायनेज सीडीसी२५ ला निष्क्रिय करते, त्यामुळे सीडीके-१ थोपवलेलेच राहते आणि पेशीला दुरुस्तीसाठी अवधी मिळतो. तुम्हाला पानोपानी भेटणारी ही सर्व नावे वेगवेगळ्या वाटांनी सीडीकेपर्यंतच पोहोचतात.

उत्तर : कर्करोग_चिकित्सक

आधीच्या दोन्ही उत्तरांमुळे माझे काम सोपे झाले आहे. औषधे निवडक रुग्णांनाच का लागू पडतात, याचे कारण वरच्या साखळीतच आहे: सीडीके-४ आणि ६ यांना रोखून आपण आरबीला त्याच्या जागी ठेवतो. ज्या गाठीत आरबी नाही, तिथे हे औषध दिल्याने पेशीला काही फरक पडत नाही.

सुरुवातीची औषधे मात्र अशी नेमकी नव्हती. रोहितुकिन या वनस्पतिजन्य रसायनावर आधारलेले फ्लॅव्होपिरिडॉल हे मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेले पहिले सीडीके-रोधक. ते सीडीके-१, २, ४ यांच्यासह सीडीके-९ लाही रोखत असे, आणि सीडीके-९ चे काम विभाजनाशी नसून जनुकांपासून आरएनए तयार होण्याशी निगडित आहे. साहजिकच निरोगी पेशींनाही मोठी झळ पोहोचत असे आणि गाठीवर परिणाम होईल एवढी मात्रा देणे अवघड जात असे. केवळ सीडीके-४ आणि ६ यांनाच लक्ष्य करणारे पाल्बोसिक्लिब आल्यावर चित्र पालटले. अमेरिकेत त्याला फेब्रुवारी २०१५ मध्ये मान्यता मिळाली. रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब ही दोन औषधे २०१७ मध्ये आली.

स्तनाचा कर्करोगच का, याचेही उत्तर जीवशास्त्रात सापडते. ज्या गाठींमध्ये इस्ट्रोजेनचे ग्राही असतात, तिथे इस्ट्रोजेनच्या संकेतामुळे सायक्लिन-डी१ तयार होते आणि आरबी बहुधा शाबूत असते. म्हणजे विभाजनाचा निर्णय नेमका सीडीके-४ च्या हातून होत असतो. सायक्लिन-डी१ नसलेल्या उंदरांना न्यू किंवा रास या कर्कजनुकांमुळे होणारा स्तनाचा कर्करोग होत नाही, मात्र मिक किंवा डब्ल्यूएनटी यांमुळे होणारा होतो, असे २००१ मध्येच दिसून आले होते. गाठ एकाच अवयवातली असली, तरी ती कोणत्या वाटेने वाढते आहे त्यावर सीडीके-४ ची गरज अवलंबून असते, हे त्या प्रयोगाने स्पष्ट केले.

परिणामांचे आकडे पाहायचे तर, इस्ट्रोजेनग्राही असलेल्या आणि शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात केवळ लेट्रोझोल (इस्ट्रोजेनची निर्मिती रोखणारे औषध) घेणाऱ्या स्त्रियांमध्ये आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ १४.५ महिने होता, तर लेट्रोझोलच्या जोडीला पाल्बोसिक्लिब दिल्यावर तो २४.८ महिने झाला. ही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली पालोमा-२ चाचणी. आजार थोपून राहणे आणि आयुष्य वाढणे यांत फरक आहे, हे येथे स्पष्टपणे सांगायला हवे. त्या चाचणीत एकूण आयुर्मानातील वाढ सांख्यिकीय निकषांवर सिद्ध झाली नाही; रायबोसिक्लिबच्या मोनालिसा-२ चाचणीत मात्र मध्यक आयुर्मान ५१.४ वरून ६३.९ महिन्यांवर गेले. तिन्ही औषधे एकाच गटातली असली, तरी त्यांना परस्परांचे पर्याय समजून चालत नाही, असे माझे मत आहे.

कालांतराने अनेक गाठी या औषधांना दाद देईनाशा होतात. त्यांपैकी काहींमध्ये आरबी गमावलेले आढळते, तर काहींमध्ये सायक्लिन-ई वाढलेले असते, म्हणजे सीडीके-४ ला वळसा घालून सीडीके-२ च्या आधारे काम सुरू होते.

जीवरसायन_विद्यार्थिनी

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. यावरून दोन उपप्रश्न सुचतात. पाल्बोसिक्लिब घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातील न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी होतात, असे वाचले. केमोथेरपीत अस्थिमज्जेतील पेशी मरतात, तसाच हा परिणाम समजायचा का? आणि ज्या गाठींनी आरबी गमावले आहे, त्यांच्या बाबतीत सीडीकेची वाट पूर्णपणे बंद झाली असे मानायचे का?

उत्तर : कर्करोग_चिकित्सक

पहिल्या उपप्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, आणि हा फरक रुग्णाच्या दृष्टीने मोठा आहे. अस्थिमज्जेतील रक्तजनक पेशी विभाजनासाठी सीडीके-६ वर बऱ्याच अंशी अवलंबून असतात, म्हणून या औषधाने त्या थांबतात. पण त्या मरत नाहीत. औषध बंद केले की त्या पुन्हा कामाला लागतात, आणि याच कारणाने पाल्बोसिक्लिब तीन आठवडे देऊन एक आठवडा विश्रांती दिली जाते. पालोमा-२ मध्ये सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत न्यूट्रोफिल लक्षणीयरीत्या घटले, तरी त्यासोबत ताप येण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत राहिले. रक्ततपासणी चुकवू नये, हे मात्र प्रत्येक रुग्णाला बजावून सांगावेच लागते.

या थांबण्याचा उलटा उपयोगही केला गेला आहे. फुफ्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात आरबी जवळजवळ नेहमीच गमावलेले असते, त्यामुळे सीडीके-४ रोधकाने ती गाठ थांबत नाही, परंतु आरबी शाबूत असलेली अस्थिमज्जा थांबते. केमोथेरपीची औषधे डीएनएची नक्कल करणाऱ्या किंवा विभाजित होणाऱ्या पेशींवर अधिक आघात करतात. म्हणून केमोथेरपीच्या आधी ट्रायलासिक्लिब हे सीडीके-४ व ६ रोधक दिले, तर मज्जा काही काळ विश्रांतीत जाऊन त्या आघातातून बरीचशी वाचते आणि गाठ मात्र त्याच्या तडाख्यात सापडते. अमेरिकेत २०२१ मध्ये या कारणासाठी त्याला मान्यता मिळाली. कर्करोगावर स्वतः परिणाम न करणारे सीडीके-रोधक कर्करोगाच्याच उपचारात उपयोगी पडते, ते केवळ आरबीच्या या फरकामुळे.

उत्तर : पेशीशास्त्र_अध्यापक

दुसऱ्या उपप्रश्नावर थोडे लिहितो. आरबी किंवा पी५३ गमावलेल्या पेशी जी-१ मध्ये थांबू शकत नाहीत, त्यामुळे डीएनएतील इजा सावरण्यासाठी त्यांना विभाजनापूर्वीच्या शेवटच्या थांब्यावर अधिक विसंबावे लागते, आणि तो थांबा वी-१ ने सीडीके-१ वर जोडलेल्या फॉस्फेटवर उभा आहे. म्हणून काही संशोधकांनी विचाराची दिशाच उलटी केली: सीडीके-१ ला रोखण्याऐवजी वी-१ ला रोखावे, म्हणजे सीडीके-१ अवेळी सक्रिय होईल आणि डीएनए दुरुस्त न झालेली कर्कपेशी विभाजनात शिरून नष्ट होईल. अडाव्होसर्टिब हे या तत्त्वावरचे प्रायोगिक औषध अनेक चाचण्यांत तपासले गेले. रक्तपेशींची घट आणि पचनसंस्थेचे त्रास यांमुळे त्याची मात्रा सांभाळणे कठीण गेले, कारण निरोगी पेशींनाही वी-१ ची गरज असतेच. सायक्लिन-ई च्या प्रती वाढलेल्या गाठींमध्ये डीएनएच्या नकलेवर आधीच मोठा ताण असतो, त्यामुळे अशा गाठी निवडून त्यांच्यावर वी-१ रोधक आणि त्याच कुळातील पीकेएमवायटी-१ या कायनेजचे रोधक आजमावले जात आहेत. सीडीके-१ च्या १४ व्या आणि १५ व्या स्थानांवरील फॉस्फेटचे काम पाठ्यपुस्तकात पुन्हा एकदा वाचलेत, तर या दोन रोधकांमधला फरक तुम्हाला सहज उलगडेल: वी-१ केवळ १५ व्या स्थानावरील टायरोसिनवर काम करते, तर १४ व्या स्थानावरील थ्रिओनिनला फॉस्फेट जोडणे हे मुख्यत्वे पीकेएमवायटी-१ चे काम आहे.